न आलेली खूण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आतली सगळी रांग गुलालात बुडालेली दिसली. तिनं दार लावलं, ओढणीनं चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. गुलालच. अष्टमीच्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा प्लेटांमधलं मीडियम, पेशींना पोसणारं पाणी, नारिंगी-लाल होतं, असायला हवं तसं. आता चोवीसच्या चोवीस प्लेटा आणि खालचे सहा फ्लास्क चैत्रातल्या जोतिबाच्या पायऱ्यांसारखे गुलाबी झाले होते. बाहेरचा हिरवा दिवा मात्र शहाण्यासारखा लागलेला. काटा सदतीसवर, सिलिंडरची चावी उघडी, हवा जाण्याचा बारीक आवाजही रोजचाच. सगळं जागच्या जागी आणि रंग तेवढा बदललेला. रंग असा उगाच बदलत नाही हे तिच्याइतकं त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पेटीतला वायू तासन्‌तास बंद राहिला तरच मीडियम असं चढतं. म्हणजे पेटी कुणीतरी बंद केली होती. आणि ती येण्याआधी कुणीतरी परत चालूही केली होती. बंद करणं एक वेळ चुकून होतं, पण परत चालू करून ठेवणं? तिनं दाराच्या मुठीकडे पाहिलं. मुठीवर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढलेली होती आणि बिजागरीत झेंडूचं एक सुकलेलं फूल खोचलेलं होतं.

संस्था म्हणजे शाहूपुरीत एका गोदामाच्या डोक्यावर तीन खोल्या. खालून गुळाचा वास जिन्यानं वर यायचा आणि पांढऱ्या कोटांत शिरून बसायचा. त्या वासात तिची सहा वर्षं गेली होती. पंचाण्णव साली ती इथं आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, आता चौतीस. ही शेवटची रांग होती. परदेशातून मागवलेली वाढीची द्रव्यं या चोवीस प्लेटांत संपली होती, प्रकल्पाची मुदत डिसेंबरात संपत होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच प्लेटांमधून निघायचं होतं. सहा वर्षांत तिनं सणवार पाहिले नव्हते. खंडेनवमी असो, दसरा असो, अर्धा तास का होईना येऊन ती पेटीत डोकावून जायची. पहिल्यांदाच दोन पूर्ण दिवस रजा घेतली, कारण वडिलांना, आबांना, दसऱ्याला विहारात भाषण करायचं होतं आणि ‘तू पुढच्या रांगेत पायजेस’ असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं सांगितलं होतं. रजेच्या अर्जावर प्रयोगशाळेचे प्रमुख प्रभुलिंग सर यांची सही होती. अर्ज मागच्याच आठवड्यात दिलेला. म्हणजे ती नसणार हे त्यांना माहीत होतं. ही एक, असं तिच्या मनानं तिला न विचारताच मोजलं.

शेजारी प्रभुलिंग सरांचा इन्क्युबेटर होता. जुना, थोरला, दाराला चिकटपट्टी लावलेला. त्याच्याही मुठीवर हळदीकुंकू होतं, झेंडूही होता. तिनं दोन्ही खोल्यांच्या दारांकडे पाहिलं आणि तो उघडला. आतली सगळी रांग नारिंगी-लाल, निरोगी, नुकत्याच न्हालेल्या पोरांसारखी तकतकीत. ही दुसरी. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला, ‘‘काय मॅडम, झाला का कार्यक्रम? सगळं ठीक ना?’’ तिनं दार हळूच लावलं. सहा वर्षांत सरांनी तिला ‘डेटा कुठाय’ आणि ‘सही इथं करा’ याखेरीज काही विचारलं असेल तर ते पावसाबद्दल. सगळं ठीक ना, हे आजच कसं सुचलं? ‘‘बघतेय,’’ ती म्हणाली. सर मान हलवून केबिनमध्ये गेले आणि फोनवर कानडीत बोलू लागले. गडहिंग्लजला त्यांची आई असते, आईशी ते कानडीतच बोलतात, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या न कळणाऱ्या बोलण्यात आपलं नाव येतंय का म्हणून तिनं कान लावलाच. ही तिसरी.

एक खूण म्हंजे काही न्हाई. दोन म्हंजे थांब. तीन झाल्या की ऊठ. हा आबांचा हिशेब. दीक्षा सात वर्षांची होती तेव्हा आबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात होतं. आग्रहाची पत्रिका आली होती, वर हळदीचं बोट. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला, तिला लाल रिबिनी बांधल्या. त्या घराच्या दारात पोचल्यावर मात्र आबा उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. हातात पिशवी, तोंडावर हसू, आणि डोळे मात्र घरभर फिरत होते. तिला तेव्हा वाटलं, आबा ओळखीचं कुणी शोधतायत. विद्यार्थी ‘गुरुजी, गुरुजी’ करत धावत आला. पण त्याच्या आईनं आत हाक मारण्याआधी एकदा शेजारणीकडे पाहिलं. मग ओसरीवरचं जाजम कुणीतरी गुंडाळून उचललं, साफ करायचं म्हणून. मग पाणी आलं, पण तांब्यातून नव्हे. परातीत उलटे ठेवलेले पेले सोडून माजघरातनं वेगळा पेला शोधून आणायला जरा वेळ लागला, त्यातून आलं. ‘‘चल, गाडी चुकंल,’’ आबा तिला म्हणाले. गाडीला दोन तास होते. ते दोन तास त्यांनी फाट्यावरच्या चिंचेखाली काढले, तिनं रिबीन सोडून पुन्हा पुन्हा बांधली, आणि आबांनी कुणावर न रागावता, गणित समजावून द्यावं तशा आवाजात तिला तो हिशेब सांगितला. एकावर उठलं तर उगाच माणूस तुटतं. पाचापर्यंत बसलं तर आपलं आपल्याला तोंड दाखवता येत न्हाई. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, आबांनी लेकीचं नाव दीक्षा ठेवलं, नोकरी झाली, पक्कं घर झालं. हिशेब मात्र सुटला नाही. तो तिच्या अंगात असा मुरला की कुठल्याही खोलीत पाय टाकताच तिच्याआधी तिचे डोळे आत जाऊन यायचे. संस्थेत पहिल्या दिवशी तिनं स्वतःचा स्टीलचा पेला घरून आणला. कुणी वेगळा कप काढायची वाटच ठेवली नाही. घरात कोल्हापुरी बायकांसारखं ‘मी आलो’ म्हणणारी ती, संस्थेच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ‘मी आले’ म्हणणारी होऊन जायची. कुठं कुठलं तोंड न्यायचं हे ठरवायला तिला क्षणसुद्धा लागत नसे.

आणि कामही नेमकं असलंच मिळालं, की तिनंच तसलं शोधलं, कोण जाणे. कोंबडीच्या अंड्यातल्या, नुकत्याच जीव धरलेल्या पिल्लाच्या पेशी काढायच्या, प्लेटीत पेरायच्या आणि त्यांना एकाच वेळी दोन-तीन निरोप द्यायचे. एक द्रव्य सांगतं वाढ. दुसरं सांगतं थांब. तिसरं नुसतं शेजारी कुणी आहे एवढंच कळवतं. पेशीला डोकं नाही, डोळे नाहीत. तिच्या अंगावर हजार लहान दारं आहेत आणि प्रत्येक दारावर कुणीतरी थाप मारतंय. एका थापेवर ती हलत नाही. दोन-तीन दारांवरच्या थापा आत जाऊन एकमेकींना भेटतात, कुठं जोर वाढतो, कुठं एक दुसरीला दाबते, आणि मग पेशी काय ते ठरवते. पुन्हा तेच द्रव्य एकट्यानं आलं तर अर्थ एक आणि दुसऱ्यासोबत आलं तर उलटाच. पहिल्या वर्षी हे वाचताना तिला हसू फुटलं होतं. उंबऱ्याच्या अलीकडे पिशवी घेऊन उभे असलेले आबाच की हे. चोवीसपैकी वीस प्लेटांना ती निरोप देत असे, निरनिराळे, जोडीजोडीनं. उरलेल्या चार कोऱ्या. त्यांत पेशी विरळ पेरायच्या, खायला-प्यायला सगळं द्यायचं, पण निरोप एकही नाही. त्या प्लेटांतल्या पेशी तीन-चार दिवसांत गोल होऊन सुटत, मरत. त्यांना कुणी मर म्हणून सांगितलेलं नसे. तुलनेला लागतात म्हणून त्या ठेवायच्या, ‘कोऱ्या मेल्या’ एवढं वहीत लिहायचं आणि बेसिनखालच्या बादलीत टाकायच्या. सहा वर्षांत त्या चार प्लेटांपाशी ती कधी दोन मिनिटंही बसली नव्हती.

आज सूक्ष्मदर्शकाखाली चोवीसही कोऱ्या दिसत होत्या. गोल, चकाकणाऱ्या, कशालाच न धरलेल्या. प्लेट जरा हलवली की सगळ्या एका बाजूला वाहत जायच्या. तिनं एकामागून एक चोवीस पाहिल्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी डोकं भराभर जोडत सुटलं. मागच्या आठवड्यातल्या बैठकीत सर म्हणाले होते, दोन्ही प्रकल्पांना मुदतवाढ मिळणार नाही, एकालाच मिळेल. चौथी. तिच्या निबंधावर त्यांचं नाव आधी यावं असं त्यांनी सुचवलं होतं आणि ती गप्प बसली होती. पाचवी. मुठीवरचं कुंकू. ती पूजा करत नाही हे इथं कोणाला माहीत नाही? तरी नेमकं तिच्याच मुठीवर दोन बोटं ओढायची म्हणजे तुझी पेटीसुद्धा तुझी नाही, असंच सांगायचं ना? सरांच्या मुठीवरही तसंच कुंकू होतं हे तिला आठवलं, पण ते तिनं बाजूला सारलं. मन एकदा जोडायला बसलं की जे जोडलं जात नाही त्याला ते दारातूनच परत पाठवतं. चावी तिच्याखेरीज दोघांकडेच असते. सरांकडे आणि शिपाई हंबीररावांकडे. सर स्वतःच्या हातानं बटण दाबणार नाहीत, ते कुठलीच गोष्ट स्वतःच्या हातानं करत नाहीत. म्हणजे हात हंबीररावांचा.

ती केबिनमध्ये गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘‘सर, माझा इन्क्युबेटर सुट्टीत बंद होता. सगळं मेलंय.’’

प्रभुलिंग सरांनी चष्मा काढला. चेहरा खरोखरच पडला होता. निदान पडल्यासारखा दिसला. ‘‘अरे देवा! चोवीसही? हंबीररावनं केलं असणार. उद्यमनगरच्या कारखान्यातनं आलेला माणूस, त्याला काय कळतंय यातलं.’’ त्यांनी ड्रॉवर ओढून कोरा कागद काढला, वर पेन ठेवलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. ‘‘तुम्ही तक्रार लिहून द्या. नाव घालून, स्पष्ट. मी आजच त्याला कमी करतो. तक्रार असली की तुमच्या मुदतवाढीसाठीही वर बोलता येईल.’’

कागद घेताना तिला बरं वाटलं. कुणीतरी आपल्या बाजूचं बोललं की माणसाला बरं वाटतंच. पण टेबलाशी येऊन बसल्यावर पेनाचं टोपण काढता काढता तिचा हात थांबला. बंद होता, एवढंच ती म्हणाली होती. कुणी बंद केला ते ती बोलली नव्हती. वीज गेली का, जनरेटर पडला का, असं काहीच न विचारता ते थेट नावावर आले. आणि कागद किती लवकर आला. इतक्या तयार मायेची तिला सवय नव्हती, आणि ज्याची सवय नाही ते तिच्या डोळ्यांत लगेच खुपतं. बाहेर लाकडी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. हंबीरराव चहा घेऊन आले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, मंगळवार पेठेतला माणूस. पंचवीस वर्षं फाउंड्रीत लेथवर काढलेली, ती बंद पडल्यावर इथं कंत्राटावर लागलेला. इतरांचे पांढरे कप ट्रेमध्ये आणि तिचा स्टीलचा पेला वेगळा, डाव्या हातात. पेला तिच्यासमोर ठेवून त्यांनी खिशातनं आपट्याचं पान काढलं. ‘‘म्याडम, सोनं घ्या. काल न्हवतासा.’’

तिनं पान घेतलं नाही. ‘‘हंबीरराव, माझं मशीन तुम्ही बंद केलंत?’’

ते चाचरतील, नजर चुकवतील, वीज गेली होती म्हणतील, या सगळ्यासाठी ती तयार होती. ‘‘व्हय की,’’ हंबीरराव म्हणाले. ‘‘खंडेनवमीला. दुपारी पुसून काढलं, हळदकुंकू लावलं, बंद केलं. आज सात वाजता येऊन पयलं तेच चालू केलं. वर्षातनं येक दिस मशीनला इसावा नको व्हय? आमच्या फाउंड्रीत खंडेनवमीला लेथला हात लावला तर मालक कानाखाली काढायचा.’’

‘‘आणि सरांचं?’’

‘‘त्येला न्हाई लावला हात. नुसतं हळदकुंकू लावून फूल खोचलं. सरांनी नवमीला सकाळी सांगितलंतं, माझं बंद करू नको, आत जीव हायत.’’

‘‘माझ्याबद्दल काय म्हणाले?’’

हंबीररावांनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘तुमच्याबद्दल कायच न्हाई बोलले. म्हंजे नको बी म्हणाले न्हाईत आन्‌ कर बी म्हणाले न्हाईत.’’ मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘‘का वो? तुमच्यात बी जीव हुते व्हय?’’

सहा वर्षं हा माणूस तिच्या पेटीवरची धूळ पुसत होता आणि आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. ‘‘होते,’’ ती म्हणाली.

‘‘मग तुमी का वो सांगितलं न्हाईसा?’’ ते रागानं बोलत नव्हते, कळवळून बोलत होते, आणि कोल्हापुरी कळवळा मोठ्यानंच येतो म्हणून बाजूच्या खोलीतही ऐकू गेलं असणार. ‘‘दर साली तुमी हितंच असायचासा, मशीन चालूच ठिवायचासा, म्हणून मी गप बसायचो. औंदा तुमी रजेवर. मला वाटलं, औंदा तरी ह्येला इसावा मिळूदे. येक शब्द टाकला असता तर मी रातभर हितं पथारी टाकून बसलो असतो. पर तुमी कधी बोलतच न्हाईसा कुणाशी. चहाला बी आपला पेला घेऊन आलासा. आमाला वाटलं, तुमाला आमच्यातलं चालत न्हाई.’’

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही तिनं तोंड फिरवून लपवलं. खरं बोलतोय की वेड पांघरतोय? तिनं सवयीनं मोजायला घेतलं: नजर सरळ, हात स्थिर, पान अजून पुढे धरलेलं. एकही खूण लागेना. तिनं पान घेतलं. मग उठून सरांच्या केबिनच्या दारात गेली आणि उभ्या उभ्याच विचारलं, ‘‘सर, तुमचं बंद करू नको म्हणून तुम्ही सांगितलंत. माझं का नाही सांगितलं?’’

प्रभुलिंग सर गोरेमोरे झाले. चष्मा त्यांनी उगाचच पुन्हा पुसला. ‘‘अहो मॅडम, खरं सांगू का,’’ ते म्हणाले, ‘‘लक्षातच आलं नाही.’’

तिनं त्यांच्याकडे पाहत राहून तपासलं. सहा वर्षांचा सगळा सराव त्या एका चेहऱ्यावर खर्च केला. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर तिला काय करायचं ते ठाऊक होतं. वैरी सापडला असता, आबांच्या हिशेबात तो नीट बसला असता. पण हा माणूस चार हातांवरून तिची पेटी रोज बघतो, तिच्या रजेवर सही करतो, नवमीला सकाळी आपल्या पेशींची आठवण ठेवून हंबीररावांना सांगतो आणि त्याच वाक्याच्या शेवटी ‘मॅडमचंही’ एवढा एक शब्द त्याला सुचत नाही. त्यात राग नाही, डाव नाही, काहीच नाही. ती त्याच्या ध्यानातच नव्हती. कुणीही काही केलेलं नव्हतं, आणि चोवीस प्लेटा मेल्या होत्या. तिला त्या चार कोऱ्या प्लेटा आठवल्या आणि बेसिनखालची बादली.

परत येऊन तिनं कागदावर लिहिलं. तारीख, विषय, आणि खाली तीनच ओळी. ‘इन्क्युबेटर क्रमांक दोन खंडेनवमीला बंद करण्यात आला. तो बंद करू नये असं श्री. हंबीरराव यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. प्रभुलिंग सरांनी नाही आणि मीही नाही.’ खाली सही. सरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. ‘‘हे असं दिलंत तर माझ्यावरही येतं ना,’’ ते म्हणाले. ‘‘येतं,’’ ती म्हणाली. सर म्हणाले, ‘‘आणि यावर हंबीररावला काढता येणार नाही. तुमची मुदतवाढही मग...’’ ‘‘हो,’’ ती म्हणाली. त्यांनी कागद घडी न करता ड्रॉवरमध्ये टाकला. तो तिथून पुढे जाईल की नाही याची शंका तिला लगेच आली, म्हणून तिनं त्याची एक नक्कल स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. एका सकाळीत माणूस इतका काही बदलत नाही.

दुपारी तिनं खालचे सहा फ्लास्क पाहिले. पाचांत काही उरलं नव्हतं. सहाव्यात, ज्यात तिनं पेशी दाटीनं वाढवल्या होत्या, त्यात मधोमध एक ठिगळ अजून बुडाला धरून होतं. तिनं हंबीररावांना बोलावून स्टुलावर बसवलं आणि एक डोळा कसा लावायचा ते दाखवलं. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. ‘‘ही जित्ती हायती?’’ ‘‘आहेत. एकमेकींना चिकटून होत्या म्हणून.’’ ‘‘आन्‌ बाकीची?’’ हंबीररावांनी डोळा न काढताच उपरण्यानं नाक पुसलं. त्या ठिगळातनं प्रबंध उभा राहणार नव्हता. नव्या द्रव्यांशिवाय, डिसेंबराच्या आत, शक्यच नव्हतं. हे तिला माहीत होतं. तरी तिनं मीडियम बदललं, फ्लास्क परत आत ठेवला आणि स्टीलचा पेला धुऊन पिशवीत टाकला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कालच्या हाराची पाकळी अजून सदऱ्याला चिकटलेली. ‘‘आलो,’’ ती म्हणाली आणि पायरीवर बसली. आबांनी तिच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे ते डोळे अजून तिच्याआधी आत जाऊन यायचे. ‘‘किती झाल्या?’’ त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. रंग, कुंकू, कानडी, कागद, हंबीररावांचं सोनं, सरांचं ते एक वाक्य. शेवटी ती म्हणाली, ‘‘आबा, आलेल्या खुणा मोजायला तुम्ही शिकवलं. जी यायला पाहिजे होती आणि आलीच नाही, ती कशी मोजायची?’’

आबांनी समोरच्या गल्लीकडे पाहिलं. त्या गल्लीत ते चाळीस वर्षं राहत होते.

‘‘ती मोजायला बसलो असतो, बाळ,’’ ते म्हणाले, ‘‘तर जगलोच नसतो.’’